खानदेशातील शिलाभित्ती आणि ‘स्मारका’ची कायदेशीर व्याख्या

१. प्रश्नाचे स्वरूप

उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस अजिंठ्याची रांग यांच्यामध्ये तापीच्या खोऱ्याची जी सपाटी पसरलेली आहे, तीवर जळगाव शहरानजीक असोदा हे गाव वसलेले आहे. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस ते बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे जन्मग्राम म्हणून परिचित आहे. गावचे शिवार काळ्या मातीचे. अशा गावी दगड दिसतो तो बहुधा माणसाच्या उपयोगास आलेल्या रूपात: घरोट, उखळ, पाटा-वरवंटा, विहिरीचे बांधकाम, देवळाचा चौथरा. हा दगड सर्वत्र एकाच जातीचा आहे. लोक त्यास ‘काळा दगड’ म्हणतात आणि भूवैज्ञानिक ‘बेसाल्ट’. ग्रॅनाइट नावाचा खडक खानदेशच्या भूपृष्ठावर कोठेही उघडा पडलेला नाही.

असे असूनही ग्रॅनाइटचा प्रश्न खानदेशास परका नाही. तो येथे दोन वाटांनी येतो. पहिली वाट व्यापाराची. इमारतीच्या दगडाच्या बाजारात, घासून झिलई देता येणाऱ्या काळ्या व कठीण खडकांस, त्यांची भूवैज्ञानिक जात कोणतीही असो, ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणण्याचा प्रघात आहे. आणि खानदेशातील शिलाभित्ती ज्या डोलेराइट खडकाच्या बनलेल्या आहेत, तो खडक या नावाखाली येतो. दुसरी वाट शास्त्राची आहे व ती अधिक महत्त्वाची आहे. यांपैकी काही शिलाभित्तींच्या पोटात खोल भूगर्भातून वर आलेले खऱ्या, अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडकांचे तुकडे सापडलेले आहेत. जो खडक बेंगळुरूच्या लालबागेत राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपला जातो, त्याच्या गोत्रातील खडक धुळ्याच्या परिसरात खडीच्या भावाने विकला जाण्याचा संभव आहे. ही विसंगती कोणा अधिकाऱ्याच्या अनास्थेतून उद्भवलेली नाही. भारतीय कायद्याने ‘स्मारक’ या शब्दाची जी व्याख्या १९०४ मध्ये स्वीकारली व पुढे कायम ठेविली, तिच्यात या विसंगतीचे मूळ आहे. ते मूळ उलगडून दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

२. शिलाभित्ती आणि त्यांच्या अभ्यासाची परंपरा

दख्खनच्या पठाराचा पाया असलेले बेसाल्टचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचे आहेत, व आजही सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश त्यांनी व्यापलेला आहे. डोंगरउतारावर पायऱ्यांप्रमाणे दिसणाऱ्या या थरांस ‘ट्रॅप’ म्हणतात. तो शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. हा लाव्हारस एखाद्या उंच ज्वालामुखी पर्वताच्या मुखातून न येता मुख्यतः जमिनीस पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला असे मानतात. भेगेत उरलेला शिलारस जागच्या जागी थिजला म्हणजे थरांना छेदून उभी राहिलेली एक कठीण भिंत तयार होते. हीच शिलाभित्ती. सभोवतालचे ठिसूळ थर झिजून गेले की ती माळावर एखाद्या ओसाड कोटाच्या तटाप्रमाणे सरळ रेषेत उठून दिसते. तिच्या कडा लवकर थिजलेल्या असल्यामुळे तेथील दगड बारीक कणांचा असतो आणि मधला भाग सावकाश निवाल्यामुळे मोठ्या कणांचा असतो. कित्येक भित्तींत निवताना पडलेले आडवे खांब लाकडाच्या मोळ्या रचून ठेविल्याप्रमाणे दिसतात.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची स्थापना १८५१ मध्ये झाली. तिचे एक अधिकारी विल्यम ब्लॅनफर्ड यांनी तापी व नर्मदा यांच्या खोऱ्यांची पाहणी करून १८६९ मध्ये जो प्रबंध प्रसिद्ध केला, तो खानदेशच्या भूविज्ञानाचा पहिला पद्धतशीर ग्रंथ म्हणावयास हरकत नाही. पुढे जॉन ऑडेन यांनी पश्चिम भारतातील शिलाभित्तींचा आढावा १९४९ मध्ये घेतला. या परंपरेतील अलीकडचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे राय, शेठ व मल्लिक यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला नंदुरबार-धुळे भित्तीसमूहाचा अभ्यास. सुमारे १४,५०० चौरस किलोमीटर क्षेत्रात एक किलोमीटरपेक्षा अधिक लांबीच्या २१० भित्तींची त्यांनी नोंद केली. सर्वांत लांब भित्ती ७९ किलोमीटर भरते आणि भित्तींची जाडी ३ ते ६२ मीटर आहे. जवळजवळ सर्व भित्ती उभ्या असून त्यांची सरासरी दिशा जवळपास नेमकी पूर्व-पश्चिम आहे. यावरून त्या काळी या प्रदेशातील भूकवच उत्तर-दक्षिण दिशेने ताणले जात होते असे अनुमान निघते.

या आकड्यांचे महत्त्व केवळ स्थानिक नाही. दख्खनचा लाव्हारस कोठून वर आला, कोणत्या भेगेने कोणता थर पोसला आणि हे उद्रेक किती काळ चालले, हे प्रश्न पृथ्वीच्या इतिहासातील एका मोठ्या जीवसंहाराच्या चर्चेशी जोडलेले आहेत. त्या चर्चेत लाव्हाथर हे घडलेल्या गोष्टीचे अवशेष आहेत, तर शिलाभित्ती ही ती गोष्ट जेथून घडली ती जागा आहे. इतिहासाच्या परिभाषेत बोलावयाचे तर एक बखर आहे आणि दुसरे अस्सल दप्तर.

माणसाच्या व्यवहाराशीही या भित्तींचा संबंध आहे. भूमिगत पाणी त्या कोठे अडवितात, तर कोठे स्वतःच्या भेगांत साठवितात. साक्री तालुक्यातील भित्तींचा या दृष्टीने अभ्यास झालेला आहे. अवर्षणप्रवण मुलखात विहिरीस पाणी कोठे लागेल हे ठरविणाऱ्या कारणांपैकी शिलाभित्ती हे एक आहे, आणि ती फोडली असता केवळ दृश्य बदलते असे नाही.

३. भित्तींच्या पोटातील ग्रॅनाइट

बेसाल्टच्या थरांखाली काय आहे, हा दख्खनच्या भूविज्ञानातील जुना प्रश्न आहे. पठाराच्या कडेस, जेथे ट्रॅपचे आच्छादन संपते तेथे, खालचा खडक उघडा पडतो. नांदेड जिल्ह्यात देगलूरच्या बाजूस ग्रॅनाइट दिसू लागतो, आणि तेथून पुढे तेलंगणातील हैदराबादपर्यंत एकावर एक तोलून धरल्यासारख्या गोल शिळांचा प्रदेश लागतो. पण खानदेशासारख्या पठाराच्या अंतर्भागात तो पाया दृष्टीस पडत नाही. तेथे पोहोचण्याचा एक मार्ग खोल विंधनाचा. दुसरा निसर्गानेच उपलब्ध करून दिलेला. वर चढणारा शिलारस भेगेच्या बाजूंचे तुकडे उखडून आपल्याबरोबर आणतो, आणि ते पुरते वितळण्यापूर्वी तो थिजला तर ते तुकडे भित्तीत जसेच्या तसे अडकून राहतात. अशा तुकड्यांस ‘उपरे दगड’ म्हणता येईल.

धुळे परिसरातील राजमाने व तळवाडे या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन भित्तींत असे उपरे दगड आढळले व त्यांवरील संशोधन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत पट्टिताश्म, क्वार्टझाइट, भूकवचाच्या हालचालीत चुरडला गेलेला ग्रॅनाइट व इतर प्रकारचे खडक आहेत. एवढ्या लहान जागेत इतक्या भिन्न जातींचे खडक मिळाल्यावरून मध्य दख्खनच्या खालचा पाया एकजिनसी नाही हे सिद्ध झाले. दक्षिणेकडील धारवाड भूखंडाच्या खडकांशी त्यांचे साम्य पाहून, तो प्राचीन भूखंड ट्रॅपच्या खाली उत्तरेकडे निदान ३५० ते ४०० किलोमीटर पसरलेला असावा, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

या निष्कर्षाचा प्रस्तुत विषयाशी निकटचा संबंध आहे. बेंगळुरूच्या लालबागेतील पट्टिताश्माचा उंचवटा याच धारवाड भूखंडाचा भाग असून त्यास १९७५ मध्ये राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित करण्यात आले. तो खडक एका सुरक्षित उद्यानात असल्यामुळे त्याचे रक्षण मुळातच सुकर होते. खानदेशातील पुरावा मात्र काही मीटर जाडीच्या भिंतीत, उघड्या माळावर आहे. लालबागेचा उंचवटा अर्धा नाहीसा झाला तरी त्या जातीचा खडक कर्नाटकात इतरत्र मिळेल. खानदेशच्या खालचा ग्रॅनाइट पाहावयाचा तर त्या भित्तीखेरीज दुसरे साधन फार थोडे. दुर्मिळतेच्या दृष्टीने पाहिले तर संरक्षणाचा अधिकार कोणाचा मोठा, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

४. तीन विशेषणांचा इतिहास

लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीत संमत झालेला प्राचीन स्मारक संरक्षण कायदा १९०४ सालचा. त्यातील ‘प्राचीन स्मारक’ या शब्दाच्या व्याख्येत वास्तू, थडगी, शिलालेख, लेणी, शिल्पित खडक व एकसंध शिळा यांचा समावेश होता. परंतु त्यांपैकी प्रत्येकास एक अट होती. ती वस्तू ‘ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक’ महत्त्वाची असली पाहिजे. या तीन विशेषणांनी पुढील शतकभराचा मार्ग आखून दिला. गुहा व शिळा हे शब्द व्याख्येत असूनही, त्यांवर मनुष्याच्या हाताची अथवा आठवणीची खूण नसेल तर त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या.

बरोबर दोन वर्षांनी, १९०६ मध्ये, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी आपला पुरावस्तू कायदा केला. त्याचेही निमित्त मानवी अवशेषांचेच होते; नैर्ऋत्य भागातील आदिवासींच्या प्राचीन वस्त्यांची लूट थांबविणे हा त्याचा मुख्य हेतू होता. परंतु त्याच्या शब्दयोजनेत ‘ऐतिहासिक किंवा शास्त्रीय महत्त्वाच्या इतर वस्तू’ असे पद होते. या ‘शास्त्रीय’ शब्दाच्या आधारे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वायोमिंगमधील डेव्हिल्स टॉवर हा खांबाळलेल्या अग्निज खडकाचा प्रचंड सुळका देशाचे पहिले राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केला. दोन्ही कायदे समकालीन, दोहोंचा उगम पुरातत्त्वीय चिंतेत. फरक एका विशेषणाचा. पण त्या एका विशेषणाने एकीकडे पर्वत स्मारक झाला, आणि दुसरीकडे त्याचा अभाव असल्यामुळे दगड केवळ गौण खनिज राहिला.

युरोपात ही जाणीव त्याहून जुनी आहे. कोलोन येथील कॅथीड्रलसाठी ज्या टेकडीचा दगड मध्ययुगापासून नेला जात होता, ती ऱ्हाइनकाठची ड्राखेनफेल्स टेकडी खाणकामामुळे ढासळू लागली, तेव्हा प्रशियाच्या सरकारने १८३६ मध्ये तेथील खाण विकत घेऊन काम थांबविले. स्वित्झर्लंडमध्ये हिमनद्यांनी वाहून आणलेल्या ग्रॅनाइटच्या अवाढव्य शिळा इमारतीच्या दगडासाठी फोडल्या जात असता, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निसर्गशास्त्रज्ञांनी व नागरिकांनी मोंते गावची एक प्रसिद्ध शिळा वाचविली, आणि त्या देशातील निसर्गसंरक्षणाच्या चळवळीस त्यातून चालना मिळाली. ब्रिटनमध्ये १९४९ च्या कायद्याने विशेष शास्त्रीय महत्त्वाची स्थळे निश्चित करताना वनस्पती व प्राणी यांच्या जोडीस ‘भूवैज्ञानिक’ वैशिष्ट्ये स्पष्ट शब्दांत घातली. ज्या सत्तेने भारतास १९०४ चा कायदा दिला, तिने स्वदेशात ही उणीव भारत स्वतंत्र झाल्यानंतर दोन वर्षांत भरून काढली. भारतात ती तशीच राहिली.

५. स्वातंत्र्योत्तर काळातील सातत्य

राज्यघटनेच्या ४९ व्या अनुच्छेदाने राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके, स्थळे व वस्तू यांच्या रक्षणाची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकली. तेथेही विशेषणे दोनच आहेत: कलात्मक व ऐतिहासिक. पुढे १९५८ च्या कायद्याने १९०४ ची व्याख्या त्याच तीन विशेषणांसह स्वीकारली आणि तीस किमान शंभर वर्षांच्या अस्तित्वाची अट जोडली. साडेसहा कोटी वर्षांच्या शिलाभित्तीस ही अट सहज पुरी करता येते. अडते ते विशेषणापाशी. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये नागरिकांची जी मूलभूत कर्तव्ये घातली, त्यांत अरण्ये, सरोवरे, नद्या व वन्य प्राणी यांचा नामनिर्देश आहे; डोंगर व खडक यांचा नाही.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. युनेस्कोच्या १९७२ च्या जागतिक वारसा कराराने नैसर्गिक वारशाच्या व्याख्येत भूवैज्ञानिक रचना स्पष्टपणे अंतर्भूत केल्या होत्या, आणि भारताने तो करार १९७७ मध्ये मान्य केला. म्हणजे जे तत्त्व राष्ट्राने आंतरराष्ट्रीय व्यवहारात स्वीकारले, त्यास स्वतःच्या स्मारकविषयक कायद्यात स्थान दिले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी येथील दख्खन ट्रॅपचा समावेश जागतिक वारशाच्या भारतीय संभाव्य यादीत झाला, तोही याच विसंगत पार्श्वभूमीवर.

या काळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने देशातील तीसहून अधिक स्थळांस राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केले, हे तिचे मोठे कार्य होय. परंतु ही घोषणा प्रशासकीय स्वरूपाची आहे. तिच्या मागे स्मारकविषयक कायद्याचे बळ नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे आहे. बेसाल्टमध्ये उल्कापाताने पडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर १९७९ मध्ये भूवैज्ञानिक स्मारक झाले. तेथील दैत्यसूदन मंदिराचे रक्षण पुरातत्त्व खाते करते. परिसर २००० मध्ये वन्यजीव अभयारण्य झाला. सरोवर २०२० मध्ये रामसर करारान्वये पाणथळ म्हणून नोंदले गेले. मंदिरास शिल्पामुळे, झाडीस प्राण्यांमुळे, पाण्यास पक्ष्यांमुळे संरक्षण मिळाले. ज्या आघाताने हे सर्व घडले त्या विवरास, विवर म्हणून, एकाही कायद्याने स्पर्श केलेला नाही. मुंबईतील अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा सुमारे साठ मीटर उंचीचा खांबाळ बेसाल्टचा सुळका २००७ मध्ये महानगरपालिकेच्या वारसायादीत आला. तोवर सभोवतालची टेकडी खाणीत व वस्तीत गेलेली होती.

१९५६ पर्यंत मराठवाडा ज्या राज्याचा भाग होता, त्याच्या राजधानीत म्हणजे हैदराबादेत ग्रॅनाइटच्या शिळांसाठी नागरिकांनी १९९६ मध्ये एक संस्था स्थापन केली, आणि तेथे नगररचनेच्या वारसायादीत इमारतींच्या जोडीस काही खडकरचनांचा समावेश झाला. मुंबई व हैदराबाद या दोन्ही ठिकाणी उपाय नगररचनेच्या कायद्यातून आला. जेथे महानगर आहे, सुशिक्षित नागरिकांचा दबाव आहे, तेथे तो साधला. धुळे-नंदुरबारच्या माळावर असे नगर नाही व अशी यादीही नाही.

संसदेच्या पातळीवर दोन प्रयत्न नोंदण्यासारखे आहेत. वारसास्थळांसाठी राष्ट्रीय आयोग नेमण्याचे विधेयक २००९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले व २०१५ मध्ये मागे घेण्यात आले. त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळे व भूअवशेष यांच्या जतनासंबंधीच्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या अभिप्रायासाठी प्रसिद्ध केला. राष्ट्रीय महत्त्वाची भूवारसा स्थळे घोषित करण्याची वैधानिक तरतूद त्यात प्रथमच स्पष्टपणे सुचविली गेली. मसुद्यावर आक्षेपही आले. सर्व अधिकार एकाच यंत्रणेच्या हाती एकवटतात, हा त्यांतील प्रमुख होय. खनिजाचे उत्खनन वाढविणे हे ज्या मंत्रालयाचे काम, त्याच्याकडेच खडक राखण्याचे काम सोपविणे कितपत इष्ट, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे.

६. खाणीचा कायदा आणि खाणीचे हात

स्मारकाच्या कायद्याने वगळलेल्या शिलाभित्तीस दुसरा एक कायदा मात्र तत्परतेने सामावून घेतो. १९५७ च्या खाणी व खनिजे कायद्याने गौण खनिजांविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांस दिला, आणि महाराष्ट्रात काळ्या दगडाच्या खाणीस परवानगी देण्याची व्यवस्था २०१३ च्या गौण खनिज नियमांखाली चालते. केंद्राने १९९९ मध्ये ‘ग्रॅनाइट संवर्धन व विकास नियम’ या नावाचे स्वतंत्र नियम केले. नाव वाचून आशा वाटावी असे आहे. परंतु तेथील ‘संवर्धन’ याचा अर्थ दगड वाया न घालविता पद्धतशीर खाणकाम करणे एवढाच आहे. दगड मालाच्या रूपाने जपावयाचा, पुराव्याच्या रूपाने नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने दीपककुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात २०१२ मध्ये, लहान क्षेत्राच्या गौण खनिज पट्ट्यांसही पर्यावरणविषयक पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली. हा निर्णय महत्त्वाचा खरा. पण खाणीचा परिणाम हवा, पाणी व वनस्पती यांवर काय होतो याचा विचार होतो तेव्हा ‘खडकावर काय होतो’ हा प्रश्न प्रायः कोणी विचारीत नाही.

धुळ्यास मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांस मिळतात. रस्त्यास खडी लागते, खडीस घट्ट दगड लागतो, आणि झिजून ठिसूळ झालेल्या थरांच्या मुलखात घट्ट दगडाची सरळ, उघडी, सहज हाती येणारी रांग म्हणजे शिलाभित्ती. तिच्यावर सुरुंगवाल्याची दृष्टी जाणे स्वाभाविक आहे. यात कोणाचा दुष्ट हेतू पाहण्याचे कारण नाही.

दुसऱ्या बाजूसही तितक्याच प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. दगड फोडणे हा महाराष्ट्रात वडार व पाथरवट समाजांचा पिढीजात उद्योग आहे. असोद्याच्या घरातील घरोटास ज्याने टाकी लाविली, त्याच्या कौशल्याशिवाय या प्रदेशाची संस्कृतीच उभी राहिली नसती. अजिंठा व पितळखोरा येथील लेणी हीदेखील एका अर्थी खडक पोखरूनच निर्माण झाली. शिवाय शिलाभित्तीचा आतला कणमय भाग, तिची कड आणि बाजूचा भाजलेला थर भूवैज्ञानिकास पुष्कळदा दिसतो तो खाणीने वा रस्त्याच्या खोदाईने पाडलेल्या छेदातच. सर्व खाणकाम बंद करावे, ही मागणी म्हणूनच अन्याय्य आहे आणि शास्त्राच्या दृष्टीनेही अप्रयोजक आहे. वाद खाणीशी नाही. कोणती भिंत फोडली जात आहे हे कोणासही ठाऊक नसताना ती फोडली जाते, याच्याशी आहे.

खानदेशातीलच एका उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. चाळीसगावनजीक पाटण येथे शके ११२८ च्या सुमाराचा जो प्रसिद्ध शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाचा उल्लेख येतो. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. ती शिळा आज कोणी खडीसाठी फोडू म्हणेल तर सारा महाराष्ट्र खडबडून उठेल. कारण तिच्यावर अक्षरे आहेत. राजमाने येथील भित्तीवर माणसाने कोरलेली अक्षरे नाहीत. तरी तिच्यात जे नमूद आहे ते अन्यत्र कोठेही इतक्या स्पष्टपणे नमूद नाही, आणि ते वाचणारे वाचकही आता उपलब्ध आहेत. वाचता येणारा लेख आणि न वाचता येणारा दगड, हा भेद दगडाचा नसून वाचकाच्या शिक्षणाचा आहे. मोडी न जाणणाऱ्यास पेशवाईचे दप्तरही रद्दीच वाटते.

या बाबतीत धुळ्याचा स्वतःचा वारसा मार्गदर्शक ठरावा. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले आणि त्यांनी जमविलेल्या साधनांच्या रक्षणार्थ लगेच त्याच नगरात संशोधन मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांनी महाराष्ट्रास जी शिस्त शिकविली तिचे सार असे की, अर्थ लावण्याचे काम पिढ्यान् पिढ्या चालू शकते, पण साधन एकदा नष्ट झाले म्हणजे सर्वच वाद संपतात. ब्लॅनफर्ड यांना १८६९ मध्ये त्या भित्तींतील उपऱ्या दगडांचे आजच्या पद्धतीने पृथक्करण करणे शक्य नव्हते. ते २००८ मध्ये झाले, कारण मधल्या काळात ती भिंत उभी होती. पुढील शतकाच्या संशोधकास कोणती साधने असतील हे आज सांगता येत नाही. भिंत असावी, एवढेच आजच्या पिढीच्या हाती आहे.

७. उपाययोजनेची दिशा

मूळ उपाय विशेषणाचा आहे. १९५८ च्या कायद्यातील व त्यास समांतर अशा राज्याच्या कायद्यातील व्याख्येत ‘शास्त्रीय’ हा एक शब्द घातला, अथवा २०२२ च्या मसुद्याच्या धर्तीवर स्वतंत्र कायदा झाला, तर तत्त्वाचा प्रश्न सुटेल. तोपर्यंत प्रचलित कायद्यांच्या चौकटीतही काही गोष्टी साध्य होण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट निवडीची. २१० भित्ती सर्वच्या सर्व राखणे अशक्य व अनावश्यक आहे. उपरे दगड असलेल्या भित्ती, सर्वांत लांब भित्तीचा एखादा सलग भाग, भित्ती व थर यांचा संधी स्वच्छ दाखविणारे छेद, आणि दोन भित्ती एकमेकींस छेदतात अशी स्थळे, एवढ्यांची नोंद प्रथम झाली पाहिजे. ही सूची महसुली गट क्रमांकांसह तयार झाली तरच तिचा उपयोग. कारण खाणपट्टा दिला जातो तो गट क्रमांकाने, अक्षांश-रेखांशाने नव्हे.

दुसरी गोष्ट स्थानिक संमतीची. नंदुरबार जिल्ह्याचा मोठा भाग आणि धुळे जिल्ह्यातील साक्री व शिरपूर तालुक्यांचे काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथे १९९६ च्या पेसा कायद्यान्वये गौण खनिजाच्या पट्ट्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस आवश्यक आहे. आपल्या शिवारातील भिंत काय आहे व तिच्या अंगाने विहिरींचे पाणी कसे राहते, हे ग्रामसभेस मराठीत आणि अहिराणी, भिली या बोलींत समजावून सांगितले गेले, तर या अधिकाराइतके समर्थ दुसरे साधन नाही.

तिसरी गोष्ट पूर्वोदाहरणाची. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या ३७ व्या कलमाने राज्यास जैवविविधता वारसास्थळे घोषित करता येतात, आणि जळगाव शहरालगतचे लांडोरखोरी वन अशा रीतीने घोषित झालेले आहे. असोद्यापासून थोड्याच अंतरावर असलेले हे उदाहरण असे दाखविते की, लहान क्षेत्राचे, स्थानिक महत्त्वाचे, अभयारण्याहून सुटसुटीत असे संरक्षण शक्य आहे. अशीच तरतूद भूवारशासाठी राज्याने केली तर खानदेशातील काही भित्तींस ती प्रथम लागू पडेल.

शेवटची गोष्ट विद्यापीठांची. जळगावच्या विद्यापीठास २०१८ पासून असोद्याच्या या कन्येचे नाव आहे. जिच्या ओव्या जात्याच्या घरघरीबरोबर जन्मल्या आणि त्यांतील ज्या टिपून ठेविल्या गेल्या तेवढ्याच उरल्या, तिच्या नावाच्या विद्यापीठाने खानदेशच्या दगडांची नोंदवही राखावी हे सर्वथैव उचित होईल. इतिहास व भूविज्ञान या दोन विभागांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन तालुकावार भित्तीसूची करावी; एकाने महसुली दप्तर, जुने नकाशे व गावोगावची स्थलनामे पाहावीत आणि दुसऱ्याने खडकाचा छेद वाचावा. या कामास फार मोठ्या निधीची गरज नाही. खाणपट्ट्याच्या अर्जावर ‘येथे काही आहे काय?’ हा प्रश्न ज्या दिवशी विचारला जाईल, त्या दिवशी उत्तर देण्यास ही सूची तयार असली पाहिजे.